दिलेली कादंबरी आवडली नाही तर



लावणी उरकली की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आठपंधरा दिवस असे मिळतात, की बाहेर धो धो पाऊस आणि घरात थोडी सवड. बेणणी अजून अंगावर आलेली नसते, गणपतीची धांदलही दूर असते. अशा वेळी मुंबईहून आलेला कुणी पाहुणा, शाळेतले गुरुजी, नाहीतर गावच्या वाचनालयात बसणारा एखादा उत्साही तरुण एक जाडजूड कादंबरी आपल्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "ही वाचाच. आणि झाली की कशी वाटली ते मला सांगा."

यातले पहिले वाक्य प्रेमाचे. दुसरे मात्र गळ्यात लोढणे बांधणारे. कादंबरी आवडली तर प्रश्नच नाही, पण न आवडली तर सांगायचे काय? देणारा माणूस परका नसतो. त्याने पदरचे पैसे घालून ती घेतलेली असते, एस.टी.च्या गर्दीत सांभाळून आणलेली असते. आपण चाळीस पाने वाचतो, जांभई देतो, कोण कुणाचा चुलता हे आठवेनासे होते म्हणून पुन्हा मागे जातो, आणि शेवटी पुस्तक उशाशी ठेवून देतो. आठ दिवसांनी फोन येतो, "मग? कुठपर्यंत आलात?"

आपल्या भागात हे गाऱ्हाणे ज्या एका कादंबरीबद्दल माझ्या कानावर पुन्हा पुन्हा येते, ती कादंबरी म्हणजे श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत'. आज तिच्याविषयीच बोलू. कादंबरी वाईट आहे म्हणून नव्हे. मी स्वतः ती आवडीने वाचलेली आहे, आणि मराठीतल्या मोठ्या कामांत तिची गणना करावी असे माझे मत आहे. पण मोठ्या पुस्तकाने निराश झालेला वाचक बिचारा जास्त अडचणीत येतो. लहानसहान पुस्तक आवडले नाही तर आपण पुस्तकाला नावे ठेवतो. मोठे आवडले नाही तर स्वतःलाच अडाणी समजू लागतो.

पेंडसे आपल्याच जिल्ह्याचे. त्यांचा जन्म ५ जानेवारी १९१३ रोजी दापोली तालुक्यात मुर्डी येथे झाला. लहानपणीच ते मुंबईला गेले, नोकरीही त्यांनी तिकडेच केली, बेस्टमध्ये. पण लिहायला बसले की त्यांचे मन दापोलीच्या बाजूला धाव घेई. 'एल्गार', 'हद्दपार', 'गारंबीचा बापू' ही नावे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतील. 'रथचक्र' या कादंबरीला १९६३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००७ साली ते वारले. 'तुंबाडचे खोत' हे त्यांच्या उतारवयातले काम, १९८७ सालचे. दोन खंड, हजाराच्या वर पाने. खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी तुंबाड म्हणून गाव आहे. तिथल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या या कादंबरीत येतात.

अलीकडे या कादंबरीने निराश होणारांत तरुण मुलांची भर पडली आहे, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. २०१८ साली 'तुंबाड' नावाचा हिंदी चित्रपट आला. २०२४ साली तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा तर गर्दी उसळली. पडका वाडा, सतत कोसळणारा पाऊस, जमिनीच्या पोटात सोन्याची नाणी आणि त्यांवर बसलेला हस्तर नावाचा भुकेला राक्षस. तो पाहून आलेल्या मुलाला कुणीतरी सांगतो, "अरे, यावर मराठीत कादंबरी आहे!" मुलगा वाचनालयात धावतो, पहिला खंड आणतो, आणि पाने उलटत राहतो. वाडा आहे, पाऊस आहे, हाव तर पोटभर आहे. हस्तर मात्र कुठेच नाही! खरी गोष्ट अशी, की चित्रपटवाल्यांनी पेंडशांच्या पुस्तकाचे फक्त नाव घेतले. कथेचे मूळ नारायण धारप यांच्या भयकथेत आहे. म्हणजे त्या मुलाची निराशा पुस्तकाने केली नाही, सांगणाऱ्याच्या अर्धवट माहितीने केली. त्याला धारपांचे पुस्तक द्यावे, तो रात्रभर दिवा मालवणार नाही. हा प्रश्न इथेच मिटला.

दुसरी निराशा मात्र इतकी सोपी नाही.

खेड तालुक्यातले एक गृहस्थ आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले. नावगाव सांगत नाही. शिक्षण सातवीपर्यंत, सारे आयुष्य भात आणि नाचणी पिकवण्यात गेले. वाचनाची आवड मात्र दांडगी. पोथी वाचतात, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतात. त्यांच्या मुंबईच्या जावयाने गणपतीत 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड आणून दिले. "मामा, आपल्याच तालुक्याची गोष्ट आहे. आपल्या माणसांची. तुम्हाला फार आवडेल." सासऱ्यांना हरखून गेल्यासारखे झाले. आपली नदी, आपले खेड, आपली माणसे, आणि तेही एवढ्या जाड पुस्तकात!

दिवाळीपर्यंत त्यांनी पहिला खंड संपवला. सगळा, एकही पान न गाळता. आणि दुसरा पिशवीत घालून खुंटीला टांगला तो टांगलाच. जावयाचा फोन आला की म्हणत, "वाचतोय, वाचतोय." पुढे पुढे तर फोन वाजला की मुलीच्या आईला पुढे करू लागले. सासरा-जावयात कधी तेढ नव्हती, आता फोन नको वाटू लागला. एका पुस्तकापायी!

मला ते भेटले तेव्हा मी विचारले, "काय खटकले?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "यात आम्ही कुठं आहोत?"

वाचकहो, हा प्रश्न नीट समजायचा तर खोती म्हणजे काय हे नव्या पिढीला थोडे सांगायला हवे. सातबाऱ्यावर आज आपले नाव असते, म्हणून पूर्वी काय होते याचा विसर पडत चालला आहे. खोत म्हणजे सरकार आणि कष्टकरी कूळ यांच्या मधला माणूस. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी त्याची, आणि कुळांकडून वसूल करायचा अधिकारही त्याचा. हे वतन वंशपरंपरेने चाले. खोत सगळे एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. भाताच्या शेतातले निम्मे पीक खोताला द्यायचे ते अर्धेल, वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा द्यायचा ते तिर्धेल. पीक उभे असताना खोताची माणसे येऊन अंदाज बांधत, त्याला अभावणी म्हणत. अंदाज जास्त धरला की कुळाच्या कणगीत खडखडाट. याशिवाय वेठ होतीच. खोताच्या शेतावर फुकट राबायचे, आणि तेही आपल्या शेताची लावणी तशीच ठेवून.

हे काही कुणी निमूट सोसले असे नाही. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, चरी गावाच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली संप केला. १९३३ ते १९३९ एवढा काळ तो चालला. इतकी वर्षे जमिनी पडीक टाकल्या, रानातली लाकडे विकून पोट भरले, पण वाकले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मूळचे आपल्याच मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईला जाऊन मोर्च्याने विधिमंडळावर गेले. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती अखेर गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले ते पुढे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून.

आमच्या या गृहस्थांचे आजोबा कूळ, वडील कूळ. वेठीच्या गोष्टी त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेल्या. अशा माणसाला "आपल्या माणसांची गोष्ट" म्हणून पुस्तक दिले, तर तो त्यात काय शोधील? तो आपला आजोबा शोधील. पण पुस्तकाची नजर वाड्यातून बाहेर बघणारी आहे. ओटीवर, माजघरात, माडीवर काय चालले आहे ते पेंडसे इतक्या बारकाईने दाखवतात की तिथल्या उदबत्तीचा वास यावा. अंगणाच्या गडग्यापलीकडे मात्र नजर तेवढी रेंगाळत नाही. तिथली माणसे येतात, कामे करतात, निरोप आणतात आणि जातात.

"तीन महिने मी त्या वाड्यात बसून होतो," गृहस्थ म्हणाले, "पण मला सारखं वाटे, कुणीतरी येऊन म्हणेल, तू इथं ओटीवर काय करतोस?"

हे ऐकून मला त्यांना "तुम्हाला कादंबरी कळली नाही" असे म्हणवेना. एखादा प्राध्यापक म्हणाला असता. माझ्या मते त्यांना ती पुष्कळ कळलेली होती. निराशा दोन जातींची असते. एक, पुस्तक हलके निघाल्याची. दुसरी, पुस्तक खरे आहे पण ते ज्या दारातून आत नेते ते आपले दार नव्हे, याची. दुसऱ्या जातीची निराशा झालेल्या वाचकाने मुळीच शरमू नये.

पण पेंडशांची बाजूही मांडली पाहिजे. पुस्तकाचे नावच 'तुंबाडचे खोत' आहे. 'तुंबाडची कुळे' असे नाव देऊन त्यांनी कुणाला फसवलेले नाही. खोतांची त्यांनी आरतीही ओवाळलेली नाही. त्या घराण्याचा माज, व्यसने, भाऊबंदकी, वासनांचे खेळ आणि होत गेलेली पडझड हे सारे त्यांनी हातचे न राखता लिहिले आहे. जे घर त्यांना आतून ठाऊक होते ते त्यांनी उघडून दाखवले. लेखकाने न पाहिलेल्या घरातले खोटे चित्र काढण्यापेक्षा हे बरे, नाही का? मग फसवणूक झाली कुठे? झाली ती जावयाच्या एका शब्दात. "आपल्या". हा शब्द फार जपून वापरावा. आपली नदी हे खरे. आपला तालुका हेही खरे. आपली माणसे म्हणताना मात्र नदीच्या कुठल्या काठावरची, वाड्यातली की वाडीतली, हे पाहायला हवे होते.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचे घर पुस्तकात सापडले की वाचक खूष होतो, असा हिशेब दिसतो. तसेही नाही हो. आमच्या शेजारच्या वाडीत एक वहिनी आहेत. त्यांना शाळेतल्या बाईंनी 'रथचक्र' दिली. त्यातल्या बाईला नावच नाही, सगळीकडे नुसती 'ती'. नवरा संसार टाकून विरक्त झालेला, भरल्या एकत्र कुटुंबात ही पोरांना घेऊन एकटी, आणि मुलांना शिकवायचे या एका हट्टापायी काय काय सोसते त्याला सीमा नाही. उत्तम कादंबरी. वहिनींनी ती अर्ध्यावर परत केली. बाईंनी कारण विचारले तर म्हणाल्या, "बाई, दिवसभर हेच असतं. रात्री पुन्हा तेच वाचू?" वहिनींच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा बोटीवर, दोन मुले शाळेत. त्यांना पुस्तकात आपले घर सापडले, आणि म्हणूनच ते नको झाले. बाईंनी पुढच्या वेळी पु. ल. देशपांड्यांचे पुस्तक दिले. ते वाचताना वहिनी एकट्याच हसतात म्हणून मुले घाबरली.

तेव्हा यात नियम सांगण्याजोगे थोडेच आहे. पण आपण शेतकरी माणसे ना? बियाण्याच्या बाबतीत आपण किती चौकस असतो ते पाहा. शिरगावच्या भात संशोधन केंद्रातून एखादे नवे वाण आले आणि शेजाऱ्याने "फार चांगले आहे" म्हणून सांगितले, तर लगेच पेरतो का आपण? आधी विचारतो, हळवे आहे की गरवे? किती दिवसांत तयार होते? माझे शेत वरकस उतारावर, पाणी टिकत नाही, तिथे चालेल का? गरवे भात उत्तम असते, दाणाही भरतो, पण ते मळ्याच्या शेतात, जिथे उशिरापर्यंत पाणी धरून राहते तिथे. डोंगरउतारावर गरवे लावले तर दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि भात पोटरीतच वाळते. यात वाणाचा दोष नाही आणि शेताचाही नाही.

'तुंबाडचे खोत' हे गरवे वाण आहे. तिला तीन महिने सलग सवड हवी. माणसांची नावे एका कागदावर लिहून जवळ ठेवावीत इतकी ती माणसे आहेत. रोज निजण्यापूर्वी दहा पाने वाचणाऱ्याला ती मानवत नाही, कारण आठवड्याने पुढे जाताना मागचे पुसलेले असते. ज्याला एवढी सवड नाही त्याने व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्यावी. १९५५ सालची, हातात मावेल एवढी. माणदेशातली धनगरांची वस्ती, तिथे आलेला पोरसवदा मास्तर, आणि दुष्काळ. हळवे वाण, पण दाणा टपोरा. आणि पेंडसेच वाचायचे असतील तर 'गारंबीचा बापू'पासून सुरुवात करावी असे मी सांगेन. १९५२ सालची ही कादंबरी लहान आहे, वेगवान आहे, आणि तिच्यातला बापू अण्णा खोतासारख्या बड्या माणसापुढे मान तुकवणारा नाही. गाव त्याला वाया गेलेला पोर समजते. बापू आणि राधा यांच्यापायी गारंबीत जी खळबळ उडते ती वाचताना पुस्तक खाली ठेवू म्हणता ठेवता येत नाही. याच्यावर काशिनाथ घाणेकरांचे नाटकही गाजले आणि पुढे चित्रपटही निघाला.

पुस्तक देणारांना एक सांगणे. देताना "फार सुंदर आहे" एवढे म्हणू नका. ते प्रत्येक आईला आपल्या पोराबद्दल वाटते. कशाबद्दल आहे, किती लांब आहे, कुठल्या ठिकाणी तुम्हाला ती आवडली, एवढे तरी सांगा. आणि "वाचून झाली की सांगा" हे वाक्य कृपा करून गिळून टाका. ज्याला आवडेल तो आपण होऊन सांगायला येईल, त्याला थांबवता येणार नाही.

घेणारांनी तरी काय करावे? अर्धे सोडायला भिऊ नका. आपल्याकडे ताटात टाकू नये ही शिकवण आहे. ती अन्नाला लागू, पुस्तकाला नाही. वाचनालयातले पुस्तक तर निर्धास्त परत करावे, तिथे त्याची वाट पाहणारा दुसरा असतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली सुरू झाले. इतक्या वर्षांत किती पुस्तके अर्धी वाचून परत आली असतील! त्याने वाचनालयाचे काही बिघडले नाही. पन्नास पाने ही माझी स्वतःची मर्यादा आहे. पन्नास पानांत जर पुढचे पान उलटावेसे वाटले नाही, तर मी खूण घालून ठेवतो. काही पुस्तके चारपाच वर्षांनी पुन्हा हाताला लागतात आणि तेव्हा सरसर जातात. काही जात नाहीत.

आणि देणाऱ्याला खरे सांगावे. "छान होती" अशी थाप मारली, की पुढच्या गणपतीत तो तसलेच आणखी तीन खंड घेऊन दारात उभा राहतो. नुसते "नाही आवडली" म्हणणेही बरे नव्हे, त्याने समोरच्याचे तोंड पडते. कुठे अडलो ते सांगावे. अमुक माणूस मेला तिथपर्यंत जीव लागला होता, पुढे लागेना. असे सांगितले की बोलणे सुरू होते, आणि पुस्तकावर बोलणे हे पुस्तकापेक्षाही पुष्कळदा गोड असते.

आमच्या खेडच्या गृहस्थांनी शेवटी तेच केले. शिमग्याला मुलगी-जावई आले. पालखी घरी येऊन गेली, जेवणे झाली, आणि पडवीत बसल्यावर त्यांनी विषय काढला. म्हणाले, "जावयबापू, तुमचं पुस्तक पहिला खंड वाचलं. लिहिणारा मोठा आहे. पण ते खोतांचं आहे, आपलं नव्हे." आणि मग त्यांनी आजीकडून ऐकलेले सांगायला सुरुवात केली. अभावणीच्या दिवशी घरातली बायामाणसे कशी दाराआड उभी राहत, आजोबा वेठीवर गेले की आजी एकटी चिखल कशी तुडवी, खोती गेल्यावरही कित्येक वर्षे वाड्यासमोरून जाताना वडील पायातल्या वहाणा हातात कशा घेत. मुलीनेही यातले पुष्कळसे पूर्वी ऐकलेले नव्हते. नातू तर मोबाइल खाली ठेवून ऐकत होता.

जावई खाली मान घालून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, खरं सांगू का? मी ती वाचलेलीच नाही. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, कोकणातल्या माणसाला द्यायला याहून चांगलं काही नाही. म्हणून आणली."

सासरे इतके हसले म्हणतात, की आतून सासूबाई काय झाले ते पाहायला आल्या. सहा महिने फोन चुकवला तो कुणाला, तर पहिले पानही न उलटलेल्या माणसाला! आणि खरे पाहता या बाबतीत जावयाला आपण एकट्यानेच हसू नये. पुस्तके सुचवणाऱ्या लोकांत न वाचताच सुचवणारांची संख्या बरीच मोठी असावी, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर त्यांनी मला विचारले, कुळाच्या बाजूने सांगितलेली अशी एखादी जाडजूड गोष्ट आहे का? मी जे पुस्तक त्यांच्या हातात दिले ते कोकणातले नव्हते, महाराष्ट्रातले नव्हते, हिंदुस्थानातलेही नव्हते. पर्ल बक या अमेरिकन लेखिकेची 'द गुड अर्थ', १९३१ साली निघालेली. या बाईंचे लहानपण चीनमध्ये गेले, आणि १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरी मराठीत आलेली आहे. वांग लुंग नावाचा एक गरीब चिनी शेतकरी. गावातल्या बड्या घराण्याच्या वाड्यातली एक गुलाम मुलगी तो बायको म्हणून करून आणतो. दोघे रात्रंदिवस मातीत राबतात. दुष्काळ पडतो, उपासमार होते, गाव सोडून परक्या शहरात भीक मागायची पाळी येते. पण जमीन तो विकत नाही. पुढे त्याच बड्या घराण्याची जमीन तुकड्यातुकड्याने तो विकत घेत जातो, आणि एके दिवशी ज्या वाड्याच्या दारात तो भीत भीत उभा राहिला होता त्याच वाड्यात राहायला जातो. तिथे गेल्यावर त्याचे आणि त्याच्या मुलांचे काय होते ते मी सांगत नाही, वाचा.

देताना मी "वाचून झाली की सांगा" असे म्हटले नाही. पंधरा दिवसांनी ते स्वतःच सांगत आले. वांग लुंगचा बाप सकाळी गरम पाण्यासाठी खोकत बसतो, तो थेट आपला आजा आहे म्हणाले. बायको शेतात काम करता करता घरात जाऊन बाळंत होते आणि परत कुदळ हातात घेते, ते वाचून त्यांच्या मंडळींनी "यात नवल ते काय?" असे विचारले म्हणे. दुष्काळाचा भाग त्यांना फार लांबला असे वाटले, आणि ते त्यांनी मला स्पष्ट सांगितले.

यंदा मे महिन्यात जावई आंबे न्यायला आला तेव्हा सासऱ्यांनी पेटीबरोबर ती कादंबरीही त्याच्या हातात ठेवली. "ही वाचाच. आणि झाली की कशी वाटली ते मला सांगा." परवा मी विचारले, काय म्हणतो जावई? तर म्हणाले, दर फोनला एकच उत्तर येते.

"वाचतोय मामा, वाचतोय."